मानेजवळची रिळं

रुखमाबाई, आधीच सांगून टाकते. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं मागे घेतलेलं नाही. त्या दिवशी माझे केस ओले असताना तूच त्यांत गुंडाळलेली रिळं काढलीस. मी ‘काढ’ म्हटलं नव्हतं.

तुझ्या दारातली माणसं आता पांगली. माझ्या मणियारीच्या दुकानात बायका येतात आणि तुझा विषय निघाला की आवाज बारीक करतात. “मोठी शांत बाई होती हो,” म्हणतात. मी फीत मोजता मोजता ऐकून घेते. शांत? रेल्वेच्या चाळीतल्या ओट्यावर बसून, समोरच्या पोरीचं डोकं गुडघ्यांत धरून तू असे केस ताणायचीस की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ती कण्हली की वरून म्हणायचीस, “केस ओढल्यानं कोणी मेलं नाई आजवर. बसून राय सिधी.” हिला शांत म्हणतात! गेलेल्या माणसाला लोक घासूनपुसून सपाट करतात. तू तर जिवंतपणी कोणाचे केससुद्धा सपाट होऊ दिले नाहीस. “सपाट तं तेलानंबी होते. मले गुळगुळीत पाहिजे,” हे तुझं बोलणं.

तेलाशी तुझं उभं वैर. मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं की आई आदल्या दिवशी पोरीच्या डोक्यात वाटीभर तेल जिरवायची. पोर चांगली दिसावी म्हणूनच बिचारी करायची आणि मग तिला तुझ्यापुढे आणून बसवायची. तू एक बट बोटांत चोळायचीस, वास घ्यायचीस.

“ने इले घरी. रिठ्यानं धू, मग आण.”

“का हो बाई, तेल चांगलं असते ना?”

“मी केस लावते माय. भजे नाई तळत.”

तुझी ती विद्या कोणी उचलली नाही. पोरी यायच्या, केस लावून जायच्या, कसं केलं ते बघत कोण बसतं? मी बघत बसले होते, म्हणून मीच सांगते. कुरळा केस धुतल्यावर पाणी गळत असतानाच धरायचा. तो अर्धवट सुकला की आपल्या मनाने वळतो आणि मग कोणाचं ऐकत नाही. भिजवलेल्या जवसाचं चिकट पाणी फडक्यातून गाळून त्याला चोळायचं. रिळाच्या रुंदीएवढीच बट घ्यायची, जास्त नाही. बारीक फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरायची, वर ताणायची, टोक रिळावर चपटं बसवायचं आणि ताण न सोडता डोक्यापर्यंत गुंडाळत यायचं. टोकाचा एक केस दुमडला तरी तू सगळं सोडून पुन्हा सुरू करायचीस. आणि मग वाळेपर्यंत थांबायचं. पूर्ण वाळेपर्यंत. ऊन असलं तर उन्हात, नसलं तर शेगडीत निखारे घालून, बाळंतिणीच्या केसांना धुरी देताना धरतात तसा संत्र्याचा उपडा टोपला डोक्यावर धरून. “बाकीचं कोणीबी करीन,” तू म्हणायचीस. “थांबनं कोणाले जमत नाई.”

हे तू शिकलीस इंजिन ड्रायव्हरच्या मेमकडून. तिच्या बंगल्यावर तू पोरं सांभाळायचीस. तिचे केस मक्याच्या कणसाच्या केसांसारखे सरळ, आणि ती ते गोल व्हावेत म्हणून रोज रात्री पत्र्याच्या नळ्यांवर गुंडाळून झोपायची. तू घरी आलीस आणि विचार केलास, नळीवर सरळ केस गोल होतो, तर नळी मोठी घेतली तर माझा बारीक कुरळा केस मोठा गोल का होणार नाही? कुरळ्याचा सरळ नाही, पण मोठी शांत लाट. स्वातंत्र्य आलं, मेम नवऱ्याबरोबर बोटीने निघून गेली, नळ्याही घेऊन गेली. तू नागपूरच्या गिरणीतल्या भावाला सांगून सुताची रिकामी लाकडी रिळं आणवलीस. जाडजूड, दोन्ही टोकांना पत्र्याची कडी. चाळ हसली. रेल्वेच्या काटेवाल्याची बायको केसांना इस्त्री करते, म्हणाली. पुढे त्याच बायका ओट्यावर रांगेत बसल्या.

त्याच सुमाराला मी आले. बोरगावला सासर, नवरा लग्नानंतर फार टिकला नाही, दिरांनी मला एक टोपली आणि एक वाट दाखवली. टोपलीत फिती, पिना, कंगवे, बटणं घालून मी सौंसरच्या बाजारात बसायला लागले. तिथे भाव करायला शिकले, आणि ओरडायलाही. मग पांढुर्ण्यात तुमच्या चाळीसमोर एक खोली घेतली. पहिल्याच दिवशी तू ओट्यावरून विचारलंस, “ओ बोरगाववाली, लांब पिना हायत का? मोडक्या देशील तं परत आणून देईन.” मी म्हटलं, “मोडल्या तर तुमचं डोकं टणक असेल.” तिथून आपलं जमलं. तू मला कायम बोरगाववालीच म्हणालीस. माझं नाव तुला ठाऊक होतं की नाही, याची मला आता शंका येते.

माझे केसही तुझ्यासारखेच, तारेचे. ते मी घट्ट बांधून पदराखाली दाबून टाकलेले. विधवेला केसांचं काय करायचं असतं? तू एके दिवशी भर दुपारी मला ओट्यावर ओढलंस आणि अंबाडा सोडलास. समोरच्या मास्तरीणबाईने तोंडाला पदर लावला. “अहो रुखमाबाई, तिला नवरा नाही.”

तुझे हात थांबले नाहीत. “केस काय नवऱ्याचे होते का?”

त्या वाक्यासाठी मी तुला पुष्कळ काही माफ केलं असतं. एक सोडून.

ती गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पुढच्या हिवाळ्यातली. मला नागपूरला इतवारीत जायचं होतं. तोवर मी सौंसरच्या व्यापाऱ्याकडून माल उचलायचे, तो उरलंसुरलं माझ्या गळ्यात मारायचा. इतवारीचा ठोक व्यापारी माझ्या नावाने थेट रेल्वेने माल पाठवेल तर मी टोपलीवाली राहणार नव्हते, दुकानदार होणार होते. सगळं त्या एका भेटीवर होतं. मी तुला म्हटलं, मला शहरातल्या बाईसारखं दिसायचं आहे. तू पहाटे पाणी तापवलंस, माझे केस धुतलेस, रिळं लावलीस, शेगडी आणि टोपला घेऊन माझ्यामागे बसलीस. समोरचे वाळले. मानेजवळचे वाळायला वेळ लागतो, तिथे केस दाट, वारा पोचत नाही. तेवढ्यात तुझे यजमान स्टेशनवरून धावत आले. “गाडी तिगावहून निघाली हो!” तिगाव म्हणजे आपल्या आधीचंच स्टेशन.

आणि तू रिळं काढलीस.

तू आयुष्यभर म्हणालीस की मीच ‘काढ, काढ’ करून ओरडले. मी म्हणते, मी नुसती उठून उभी राहिले. उभं राहणं म्हणजे ‘काढ’ म्हणणं नव्हे. ओले केस रिळांवरून काढायचे नसतात हे तुला कळत होतं, मला नव्हतं. गाडी गेली असती तर दुसऱ्या दिवशी दुसरी होती.

काटोल यायच्या आत खिडकीच्या वाऱ्याने मागचे केस उठले. ते उठले म्हणून समोरचेही बिघडले. नागपूरला उतरले तेव्हा माझ्या डोक्यावर काटेरी झुडूप होतं. इतवारीत गादीवरचा शेठ मला पाहून मुनिमाला म्हणाला, “ही झिपरी कोण आली रे? वाढून दे अन् बाहेर काढ.” सगळी पेढी हसली. मी पदर खांद्यावर टाकला, डोकं उघडंच ठेवलं आणि त्याच्या गादीच्या कडेला बसकण मारली. “भीक नाही मागून राहिली. माल मागून राहिली. आधी भाव सांगा, मग हसा.” पुढे काय झालं ते पेढीवाले अजून सांगतात. दुपारपर्यंत मी उठले नाही आणि माल माझ्या नावाने पांढुर्ण्याला निघाला. पण नाव राहिलं ते राहिलंच. आजही मी इतवारीत पाय ठेवला की गल्लीच्या तोंडापासून हाक जाते, “झिपरीबाई आली, भाव सांभाळा रे!”

मी परत येऊन तुझ्या ओट्यावर उभी राहून भांडले. तू तांदूळ निवडत होतीस.

“माल भेटला ना?”

“भेटला. पण तुझ्यामुळे माझं नाव काय पडलं माहीत आहे?”

“नाव तं झालं ना! गुळगुळीत गेली असती तं कोणाच्या ध्यानात राहिली असती?”

मी तांदळाचं सूप उलटं केलं. तू दाणा दाणा वेचलास आणि त्या संध्याकाळी त्याच तांदळाचा भात माझ्याकडे पाठवलास. मी खाल्ला. पण पटलं नाही, आणि अजून पटत नाही. चांगलं झालं म्हणून चूक चूक राहत नाही का? माझं भलं माझ्या जिभेने केलं, तुझ्या ओल्या रिळांनी नव्हे.

तुझ्या स्वतःच्या केसांचं मात्र मोठं कोडं होतं. समोरचे तू आरशात बघून लावायचीस, मानेजवळचे तुझ्या हाताला येत नसत. म्हणून तू मला शिकवलंस. दिवाळीला, पाडव्याला, कोणाच्या लग्नाला मी तुझ्यामागे बसायचे, आणि बट हातात घट्ट आली की तोच विषय काढायचे. तुला मान वळवता यायची नाही. “बोल आता, कोणी काढलं?” “तू म्हणाली काढ.” “मी म्हटलं नव्हतं.” “मग का पाखरू म्हणालं?” मी ताण थोडा वाढवायचे. “ओढ, ओढ,” तू म्हणायचीस, “चांगलं बसते अशानं.” तुझे यजमान बाजूने जाताना आपल्या दोघींकडे बघायचे. मी एकदा त्यांना साक्षीला धरलं. ते म्हणाले, “मी काटे बदलणारा माणूस. दोन गाड्या एका रुळावर आल्या का बाजूले उभं रायतो.”

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी प्रांताची मोडतोड झाली. नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो. राजधानी भोपाळ, जिथे मी कधी गेले नव्हते. शाळेच्या पाट्या बदलायला लागल्या. मी दुकानात थयथयाट केला. माझा माल नागपूरचा, माझी गिऱ्हाइकं नागपूरला मुली देणारी, माझं नाव नागपूरने ठेवलेलं, आणि आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही! स्टेशनच्या पुढे माणसं जमून वाद घालत होती. तू ओट्यावर एका नव्या हिंदी मास्तरणीचे केस घेऊन बसली होतीस. ती विचारत होती, “बहनजी, ये सचमुच मुलायम होंगे?” तू म्हणालीस, “होंगे. लेकिन तेल नहीं लगानेका, और जल्दी नहीं करनेका.” मग त्या गर्दीकडे बघून मला हळूच म्हणालीस, “प्रांताचेबी ओलेच काढले वाटते.”

मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की तू आपल्या तोंडाने कबूल केलंस, ओलं काढल्याने काय होतं ते. मी तसं म्हटलं. तू मास्तरणीच्या डोक्यावर टोपला घातलास आणि ऐकू न आल्यासारखं केलंस.

पौषात तुझ्या छातीत कफ धरला. मी संध्याकाळी दुकान बंद करून यायचे. तू उशीवर डोकं टाकून पडलेली, केस मोकळे, सगळे उभे. “बोरगाववाली,” तू म्हणालीस, “मागचे तूच लावजो. जावेच्या हाती देशील तं तेल थापून ठेवीन ते.” मला संताप आला. असं बोलायचं असतं का? मी म्हटलं, “आधी कबूल कर, मग लावीन.” तुला हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. थांबला तेव्हा म्हणालीस, “कबूल करून जाऊ? मंग तू भांडशील कोणासंग?”

तुझा श्वास ऐकून मी घरी गेले आणि जवस भिजत घातला. कोणाला सांगितलं नाही. का भिजत घातला, हे स्वतःलाही सांगितलं नाही.

सकाळी तुझी सौंसरची जाऊ तुझ्या उशाशी होती. बायकांनी पाणी आणलं. मी भांडं घेऊन पुढे झाले तर ती आडवी आली. “तुम्ही नाही. सवाष्ण गेली आहे. तुमचा हात नको.”

चाळीतल्या सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. तुझ्या हातून केस लावून ज्यांची लग्नं जमली त्यासुद्धा. मला त्यांच्यावर ओरडता आलं असतं. पण ही वेळ ओरडायची नव्हती, भाव करायची होती, आणि तो मला येतो. मी म्हटलं, साडी मी नेसवणार, कुंकू मी लावणार, ओटी मी भरणार आणि केसही मीच लावणार. जाऊ भडकली. कुंकू? तुम्ही? मी कुंकवावर बराच वेळ अडून बसले. मग सोडलं. ओटी सोडली. साडी अगदी नाइलाजाने सोडली. तोवर ती दमली होती आणि बाकीच्या म्हणायला लागल्या, “केस तर केस. करू द्या बिचारीले.” मला तेवढंच पाहिजे होतं, रुखमाबाई. तेवढ्यासाठीच मी आले होते.

मी तुझे केस धुतले. गळत्या पाण्यात धरले. जवसाचं पाणी चोळलं. समोरचे आधी लावले, मग दोघींनी तुझं डोकं उचलून धरलं आणि मी मानेजवळचे लावले. ताणताना सवयीने थांबले. “बोल आता” एवढं तोंडापर्यंत आलं. तुझी मान माझ्या हातात होती आणि तू काही म्हणाली नाहीस.

अंगणात ऊन पडलं होतं, पण पौषाचं, दुधासारखं. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारीही नाही, त्यामुळे शेगडी नव्हती. विस्तव एकाच ठिकाणी होता, मडक्यात, तुझ्यापुढे न्यायचा तो. तिरडी बांधून झाली. माणसं विचारायला लागली. मी म्हटलं, सौंसरची बस येऊ द्या, तिच्यात कोणी असेल. बस आली, कोणी नव्हतं. मी म्हटलं, ऊन निंबावरून उतरू द्या. कोणीतरी कुरकुरलं, “अशी घासाघीस मसणाशी कोणी करते का?” तेव्हा तुझे यजमान, सकाळपासून भिंतीला टेकून बसलेले, पहिल्यांदा बोलले. “मालगाडी जाऊ द्या. फाटक तसंही बंदच राहीन.” नदीची वाट रेल्वेच्या फाटकातून जाते, आणि मालगाडी अजून यायची होती हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी मला तेवढा वेळ मिळवून दिला.

समोरची रिळं मी काढली. रुखमाबाई, कपाळावरून अशी लाट आली की बायका रडायच्या थांबल्या. तुला आरशात कधी जमली नव्हती तशी. एक केस उभा नव्हता.

मग मी मानेखाली हात घातला. ओले.

मालगाडी गेली. फाटक उघडल्याचा आवाज आला. जाऊ म्हणाली, “काढा आता ते लाकडं.”

“ओले आहेत.”

“मेलेल्या बाईले सर्दी होते का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. माझी बोटं रिळावर होती. गाडी तिगावहून निघाली, असं कोणीतरी माझ्या कानाशी म्हणत होतं. मी हात बाहेर काढला, तुझा हिरवा पदर डोक्यावरून पुढे ओढला, मानेपाशी नीट खोचला आणि म्हटलं, “झालं.” तुझ्या यजमानांनी पदराखालचा उंचवटा पाहिला. पहिला खांदा त्यांनी दिला.

बायका नदीवर जात नाहीत. मी फाटकापर्यंत आले आणि मडक्यातला धूर जाम नदीच्या काठाकडे जाताना बघत उभी राहिले.

सावडण्याच्या दिवशी तुझे यजमान दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले. मग खिशातला रुमाल सोडून समोर ठेवला. त्यात पत्र्याची कडी होती, काळी पडलेली, रिळांच्या टोकांची. “हे निघालं,” ते म्हणाले. मी ती उचलून पिनांच्या डब्याशेजारी ठेवली. ते वळले, पायरीवर थांबले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, “त्या दिवशी ‘काढ’ कोण म्हणालं, ते मी ऐकलं होतं.”

मी म्हटलं, “सांगू नका.”

ते गेले. सांगितलं असतं तर भांडण मिटलं असतं, आणि मग माझ्याकडे तुझं काय उरलं असतं? म्हणून मी माझं म्हणणं धरून आहे. तूही तुझं धर. पण एवढं मात्र ऐकून ठेव, आणि यावर वाद घालू नको. या वेळी सगळ्यांना घाई होती. मानेजवळचे ओले होते.

मी काढले नाहीत.